नरसीचे गाऱ्हाणे आणि मंत्रालयासमोरचे दप्तर

गावच्या स्मरणिकेत देवस्थानाचा इतिहास असतो, शाळेचा असतो, झालेल्या विकासकामांची जंत्री असते. मुंबईत मंत्रालयासमोरच्या इमारतीत चालणाऱ्या एका कार्यालयाचा इतिहास तिथे सहसा कोणी छापत नाही. नरसी नामदेवच्या बाबतीत मात्र तो छापायला हवा. इथल्या माणसाचा सरकारशी संबंध येतो तो कागदातून: सातबारा, फेरफार, घरकुलाचा हप्ता, रोजगार हमीची हजेरी, नुकसानीचा पंचनामा, निवृत्तिवेतन. कागद अडला की आधी तालुक्याला खेटे सुरू होतात, मग जिल्ह्याला. जिल्ह्यालाही दाद लागली नाही, तर जायचे कुठे? या प्रश्नावर महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि २५ ऑक्टोबर १९७२ पासून लोकायुक्त व उपलोकायुक्त ही संस्था कामाला लागली.

ही तारीख मराठवाड्यातल्या जुन्या माणसांनी आपल्या आठवणींशी ताडून पाहावी. १९७२ चा ऑक्टोबर म्हणजे पाऊस दगा देऊन गेलेला, विहिरी आटलेल्या, आणि खडी फोडायला माणसे घराबाहेर पडू लागलेली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती, आणि दुपारची सुकडी. एवढ्या माणसांची हजेरी, मोजमाप आणि मजुरी सरकारी कर्मचाऱ्याच्या वहीवर अवलंबून होती. सरकारी माणसाच्या एका नोंदीवर किती घरांची चूल पेटते, हे त्या वर्षी सगळ्यांनीच पाहिले. सरकारी कारभाराची तक्रार ऐकणारी संस्था नेमकी त्याच वर्षी सुरू झाली. हा योगायोग असला, तरी संस्थेची गरज त्या वर्षाइतकी उघडपणे क्वचितच दिसली असेल.

नरसी तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. निजामाची राजवट संपून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. उर्दूत चालणारे दप्तर, अर्जनवीसाकडून लिहून घ्यायचा अर्ज आणि साहेबाची मर्जी, हे ज्यांनी अनुभवले होते ती पिढी अजून हिंडती-फिरती होती. सरकारकडे मागायचे ते हात जोडूनच, ही सवय अंगात भिनलेली होती. ‘सरकारने चूक केली, तिची चौकशी करा’ असे आपल्या भाषेत लिहून द्यायचा आणि त्याचे उत्तर मागायचा हक्क कायद्याने मिळतो, ही त्या पिढीसाठी नवलाची गोष्ट होती.

कल्पना मूळची स्वीडनची. तिथे १८०९ मध्ये संसदेने प्रशासनावर नजर ठेवणारा अधिकारी नेमायला सुरुवात केली. न्यूझीलंडने १९६२ मध्ये तोच प्रकार स्वीकारला आणि भारतातल्या कायदेपंडितांचे तिकडे लक्ष गेले. लोकसभेत डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी १९६३ मध्ये हा विषय लावून धरला. ‘लोकपाल’ हे नाव त्यांचेच. पुढे मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने ऑक्टोबर १९६६ मध्ये अंतरिम अहवाल दिला: केंद्रात लोकपाल असावा, राज्यांत लोकायुक्त असावेत. केंद्राचे विधेयक १९६८ मध्ये मांडले गेले आणि लटकले. ते इतके लटकले की पहिल्या लोकपालांची, न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांची नेमणूक व्हायला मार्च २०१९ उजाडले. राज्यांत ओडिशाने १९७० मध्ये कायदा केला, पण तो प्रत्यक्षात आणला १९८३ मध्ये. त्यामुळे देशात पहिले लोकायुक्त कार्यालय उघडण्याचा मान महाराष्ट्राकडे आला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे.

कायद्याचे नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र लोक आयुक्त आणि उप-लोक आयुक्त अधिनियम, १९७१. त्याचा गाभा मात्र एका परिच्छेदात सांगता येतो. तक्रारी दोन प्रकारच्या. पहिली ‘गाऱ्हाणे’: गैरकारभारामुळे, म्हणजे विनाकारण विलंब, दुजाभाव, बेपर्वाई यांमुळे माझे नुकसान झाले किंवा मला त्रास झाला. दुसरी ‘अभिकथन’: अमुक लोकसेवकाने पदाचा गैरवापर करून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा फायदा केला, भ्रष्टाचार केला, किंवा त्या दर्जाच्या लोकसेवकाकडून अपेक्षित असलेल्या सचोटीला सोडून वागला. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. पैसे खाल्ले हे सिद्ध करण्यापुरता कायदा थांबत नाही. पदावरच्या माणसाने कसे वागायला हवे होते, हा प्रश्न तो विचारतो. मंत्री आणि सचिव यांच्याविरुद्धच्या तक्रारी लोकायुक्तांकडे, बाकीच्या बहुतेक उपलोकायुक्तांकडे. मुख्यमंत्री या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले, आणि त्याबद्दलची नाराजी पुढची पन्नास वर्षे टिकली.

नेमणूक राज्यपाल करतात. लोकायुक्त नेमताना उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेते यांच्याशी विचारविनिमय करावा लागतो. मुदत पाच वर्षे. लोकायुक्तपदी निवृत्त न्यायमूर्ती आणि उपलोकायुक्तपदी निवृत्त ज्येष्ठ सनदी अधिकारी हा प्रघात पडला आहे. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्याचा खटला चालवणारे न्यायमूर्ती एम. एल. टहलियानी हे २०१५ ते २०२० या काळात लोकायुक्त होते. त्यांच्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आले.

नावे आणि तारखा इथेच सोडू. संस्थेचा खरा इतिहास तिच्या रोजच्या टपालात आहे.

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींचे निवृत्तिवेतन अडले आहे. सेवापुस्तकात एका वेतननिश्चितीची पडताळणी राहून गेली. पंचायत समिती म्हणते, प्रस्ताव वर पाठवला. जिल्हा परिषद म्हणते, त्रुटी काढून परत केला. त्यात १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झालेला. गुरुजींच्या नोकरीची पहिली वर्षे परभणीच्या दप्तरात, नंतरची हिंगोलीच्या. शोध घ्यायचा कोणी? एरवी नोकरीतल्या बदल्या, बढत्या, शिस्तभंगाची कारवाई हे विषय लोकायुक्तांच्या कक्षेत येत नाहीत. पण निवृत्तिवेतन, उपदान, भविष्य निर्वाह निधी यांबाबत कायद्याने मुद्दाम वाट मोकळी ठेवली आहे. ज्याने हा अपवाद घातला, त्याला म्हातारपणी कचेरीच्या बाकावर ताटकळणे म्हणजे काय ते ठाऊक असले पाहिजे.

गुरुजी तहसीलच्या आवारात टंकलेखकाकडे बसून विहित नमुन्यात तक्रार लिहून घेतात. सोबत प्रतिज्ञापत्र. आधीच्या अर्जांच्या पोचपावत्या, त्रुटीचे पत्र, निवृत्तीचा आदेश यांच्या प्रती जोडतात आणि लिफाफा टपालात पडतो. साडेपाचशे किलोमीटरहून लांब मुंबईत तो आवक विभागात नोंदला जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि छाननी सुरू होते. विषय कक्षेत बसतो का? मुदतीत आहे का? न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात दाद मागायची सोय आहे का, आणि असली तरी या माणसाला ती वापरता न येण्याचे सबळ कारण आहे का? यात बसले, तर तक्रारीची प्रत संबंधित अधिकाऱ्याला आणि त्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याला जाते: आपले म्हणणे मांडा.

इथे एक गोष्ट घडते, जिची दखल घेतली जात नाही. ज्या फायलीवर महिनोन्महिने कोणी हात ठेवला नव्हता, ती आता कोणाला तरी उघडावी लागते. खुलासा लिहायचा, तर तारखा लिहाव्या लागतात. प्रस्ताव कधी आला, कोणाच्या टेबलावर किती दिवस होता, परत का केला, हे सारे स्वतःच्या सहीने कागदावर उतरवायचे. पुष्कळदा खुलासा लिहिणाऱ्यालाच आपली चूक त्या तारखांत दिसते आणि काम पुढे सरकते. खुलासा आल्यावर तक्रारदाराला त्यावर बोलू दिले जाते. गरज पडल्यास सुनावणी होते. साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे हजर करायला लावणे, शपथेवर साक्ष घेणे, यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार संस्थेकडे आहेत. गाऱ्हाणे खरे निघाले, तर अन्याय अमुक मुदतीत दूर करा अशी शिफारस जाते. अभिकथन खरे निघाले, तर निष्कर्षांसह अहवाल सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि काय कारवाई केली ते त्याने तीन महिन्यांत कळवायचे असते. समाधान झाले नाही, तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, आणि तो विधिमंडळासमोर येतो.

कायद्यातले एक कलम तर मोठ्या माणुसकीचे आहे. पोलीस कोठडीतल्या, तुरुंगातल्या किंवा मनोरुग्णालयातल्या माणसाने लोकायुक्तांना पत्र लिहिले, तर तिथल्या अधिकाऱ्याने ते न उघडता, विनाविलंब पुढे पाठवायचे. ज्याच्या भोवती चारी बाजूंनी भिंती आहेत आणि ज्याचा प्रत्येक शब्द पहारेकऱ्याच्या हातून जातो, त्याचा लिफाफा बंदच राहील, याची हमी १९७१ च्या कायद्याने दिली.

चौकशी मात्र बंद दाराआड होते. तक्रारदाराचे आणि लोकसेवकाचे नाव चौकशीच्या काळात बाहेर फोडायचे नाही, असा दंडक आहे. त्याची दोन्हीकडून गरज आहे. गावात तक्रार करणाऱ्याला उद्या त्याच तलाठ्याकडे, त्याच ग्रामसेवकाकडे जायचे असते. आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याची बाजू ऐकण्याआधी चावडीवर त्याची लाज निघू नये. पण या गुप्ततेमुळेच संस्था लोकांना माहीत झाली नाही. ज्यांची कामे झाली त्यांची नावे छापून येत नाहीत. एखाद्या घराचे अडलेले पैसे मिळाले, ही वर्तमानपत्राच्या लेखी बातमी होत नाही. वर्षाअखेरीस राज्यपालांना एकत्रित अहवाल जातो, सरकारच्या स्पष्टीकरणात्मक ज्ञापनासह तो दोन्ही सभागृहांत ठेवला जातो. त्यावर सभागृहांत सविस्तर चर्चा व्हायला हवी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. कोणत्या खात्यात कोणत्या प्रकारची गाऱ्हाणी साचतात, याचा इतका भरवशाचा दाखला दुसरीकडे मिळणे कठीण.

मथळ्यांत संस्था आली ती मंत्र्यांच्या प्रकरणांमुळे. त्यातले अलीकडचे गाजलेले प्रकरण मुंबईत ताडदेवच्या एम. पी. मिल कंपाउंड झोपडपट्टी पुनर्वसनाचे. २०१७ मध्ये तत्कालीन गृहनिर्माणमंत्री प्रकाश महेता यांच्या निर्णयावर विरोधकांनी विधिमंडळ दणाणून सोडले. ‘मुख्यमंत्र्यांना अवगत केले’ अशा अर्थाचा फायलीवरचा शेरा वादाचे मूळ ठरला, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी चौकशी लोकायुक्तांकडे सोपवली. न्यायमूर्ती टहलियानी यांच्या अहवालाने मंत्र्यांच्या वर्तनावर प्रश्न उपस्थित केले. जून २०१९ च्या फेरबदलात महेता मंत्रिमंडळातून बाहेर पडले. फायलीवरच्या एका शेऱ्याची अशी छाननी होऊ शकते, एवढे तरी त्यातून राज्याला दिसले.

तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. महाराष्ट्राच्या लोकायुक्तांकडे शिफारस करण्याचा अधिकार आहे, आदेश देण्याचा नाही. आणि स्वतःची तपास यंत्रणाही नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृह खात्याच्या अखत्यारीत आहे. शेजारच्या कर्नाटकात १९८४ च्या कायद्याने लोकायुक्तांना पोलीस शाखा मिळाली. न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या बेकायदा खाणकामावरील अहवालानंतर जुलै २०११ मध्ये मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले. दुसऱ्या शेजाऱ्याचे, गोव्याचे उदाहरण नेमके उलट. तिथले लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त झाले, तेव्हा आपण दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही, असे ते उघडपणे म्हणाले. कारवाईच होणार नसेल तर ही संस्था बंद करावी, असेही त्यांनी सुचवले. एका न्यायमूर्तीने आपल्याच पदाबद्दल असे बोलावे, यामागे केवढा उद्वेग असेल! महाराष्ट्राची संस्था या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभी राहिली. गाऱ्हाण्यांच्या कामात तिने आपली उपयुक्तता दाखवली. बड्या आरोपांच्या कामात ती सरकारच्या इच्छेवर अवलंबून राहिली.

दरम्यान आजूबाजूचे चित्र पालटले. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, २००५ मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे गाऱ्हाणे मांडणाऱ्याच्या हाती पहिल्यांदाच टिपणीची प्रत आली. ‘फाईल वर गेली आहे’ हे तोंडी उत्तर तपासून पाहता येऊ लागले. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरू लागला. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरवून दिले. साध्या विलंबाची कितीतरी गाऱ्हाणी आता या वाटांनी जिल्ह्यातच मार्गी लागू शकतात. उरतात ती गुंतागुंतीची: जिथे दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात, किंवा जिथे वरिष्ठच कनिष्ठाला पाठीशी घालतो.

नरसीला हे लागू पडते ते दोन परींनी. एक, चारचौघांसारखे गाव म्हणून. दुसरे, नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून. आषाढीनंतर वद्य एकादशीला परतवारीसाठी इथे दूरदूरचे वारकरी लोटतात. गुरू ग्रंथ साहिबमध्ये महाराजांची ६१ पदे असल्याने पंजाबातूनही भाविक कयाधूच्या काठावर येतात. अशा गावाला यात्रेसाठी पाणी, रस्ते, शौचालये, निवास यांवर सार्वजनिक पैसा लागतो आणि तो खात्याखात्यांतून येतो: बांधकाम, पाणीपुरवठा, जिल्हा परिषद, पर्यटन. इतक्या हातांतून येणाऱ्या पैशाचा हिशेब विचारणे हा भाविकाचाही हक्क आहे आणि गावकऱ्याचाही. अंदाजपत्रकात काय होते, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले, जागेवर काय उभे आहे, या तीन गोष्टी जुळतात का, एवढेच तपासायचे असते. जुळत असतील, तर अभियंत्याचीही मान ताठ राहते.

कायदा बदलावा ही मागणी जुनी. अण्णा हजारे यांनी ३० जानेवारी २०१९ रोजी राळेगणसिद्धीत उपोषण सुरू केले, तेव्हा सक्षम लोकायुक्त ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. त्यानंतर मसुद्यासाठी समिती बसली. २८ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या अधिवेशनात विधानसभेने नवे लोकायुक्त विधेयक मंजूर केले. त्यात मुख्यमंत्री कक्षेत आले. मात्र त्यांच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागेल अशी अट आहे. विरोधकांनी सभात्याग केला होता, त्यामुळे विधेयक चर्चेविनाच संमत झाले. इतक्या महत्त्वाच्या कायद्यावर सभागृहात शब्दही होऊ नये, ही खंत बाळगण्याजोगी बाब आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेनेही ते मंजूर केले.

जुन्या कायद्याखालच्या पन्नास वर्षांत लोकांचे सर्वाधिक नुकसान कशाने झाले असेल, तर मुदतीच्या अज्ञानाने. गाऱ्हाणे असेल, तर ज्या कृतीने अन्याय झाला ती कळल्यापासून १२ महिन्यांत ते मांडायचे; अभिकथन असेल, तर कृती घडल्यापासून तीन वर्षांत. ‘साहेब बघतो म्हणाले’ या भरवशावर वर्ष निघून जाते आणि खरी तक्रारही मुदतबाह्य ठरते. म्हणून अर्ज दिला त्या दिवशीच पोच घ्यावी, पोचेवर तारीख आणि शिक्का आहे का ते तिथेच उभे राहून पाहावे आणि ती जपून ठेवावी. तक्रार मराठीत करता येते. पत्ता असा: लोक आयुक्त व उप लोक आयुक्त यांचे कार्यालय, नवीन प्रशासन भवन, पहिला मजला, मादाम कामा मार्ग, मंत्रालयासमोर, मुंबई ४०० ०३२.